आम्हाला दगड म्हणू नका



मी कागदावरून वाचणार आहे. समोर बघणं आणि बोलणं, ही दोन कामं मला एकदम जमत नाहीत. मी ऑटिस्टिक आहे. मराठीत याला स्वमग्न म्हणतात, पण मला तो शब्द पटत नाही. पंखा, हॉर्न, शेजारची कुजबुज, बाहेरचं सगळं माझ्या कानात एकाच वेळी शिरत असतं.

तीन गोष्टी सांगतो.

पहिली, बोलणं. लहानपणी कुणी 'चहा हवा का?' विचारलं की मीही 'चहा हवा का?' म्हणायचो. लोकांना वाटायचं, पोरगा चिडवतोय. याला इकोलालिया म्हणतात. ऐकलेलं वाक्य परत म्हणून मूल पुष्कळदा 'हो, हवा' हेच सांगत असतं. आजही 'बघू नंतर' म्हणजे 'नाही', हे मला कुणीतरी सांगावं लागतं.

दुसरी, आठवण. एसटीच्या वेळा मला तोंडपाठ आहेत. पण अम्मीने दाराशी तीन कामं एका दमात सांगितली, तर दोन गळतात. 'दिवस कसा गेला?' याला उत्तर सुचत नाही. 'दुपारी कुणाबरोबर जेवलास?' विचारलं की सगळं आठवतं.

तिसरी, भावना. नानी गेली तेव्हा मी रडलो नाही. मय्यतीला आलेले म्हणाले, 'पोरगा दगड आहे.' माझं पोट आठवडाभर दुखत होतं. ते दुःख होतं, हे मला फार उशिरा कळलं. स्वतःची भावना ओळखून तिला शब्द देणं अवघड जातं, त्याला अलेक्सिथायमिया म्हणतात. आमच्यापैकी सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना तो त्रास असतो.

मग दोष फक्त आमच्यात आहे का? डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलं, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. पुढे एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एकाकडून दुसऱ्याला गोष्ट सांगायला लावली. २०२० मध्ये निष्कर्ष आले. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच टिकली. मिश्र साखळीत ती जास्त गळली.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमची नोंद आहे. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ मागता येतो. पण कुणी मुलाला बाबाकडे नेतं, कुणी बहिणीचा रिश्ता अडेल म्हणून लपवतं. त्यात शाळेची वर्षं निघून जातात.

तुमच्या घरात, वर्गात असं कुणी असेल तर काम लिहून द्या. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तराला वेळ द्या. 'माझ्याकडे बघून बोल' असा आग्रह धरू नका. आणि त्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं नाही, तर 'पोटात दुखतंय का?' एवढं विचारा.