लहान वाहने आणि मोठे नियम

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मोटार वाहन कायद्याची चर्चा करताना एक गोष्ट सहसा नजरेआड होते. हा कायदा कारखान्यात तयार होणारे वाहन डोळ्यांपुढे ठेवून रचलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील १२६ व्या नियमानुसार वाहनाचा नमुना पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ब्रेक, दिवे, धूर यांच्या कसोटीला तो नमुना उतरला म्हणजे मग त्या जातीच्या गाड्यांची नोंदणी होते. रस्त्यावरच्या माणसाच्या जिवाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु तपासणीचा हा खर्च नमुन्यागणिक येतो. लाखभर गाड्या विकणारा कारखाना तो लाखांवर वाटून टाकतो. वर्षाकाठी दहा गाड्या जोडणाऱ्या गावच्या कारागिराला तो दहांवरच वाटावा लागतो. नियम एकच, भार मात्र विषम. या विषमतेचा परिणाम काय होतो, हे तीन-चार उदाहरणांवरून पाहता येईल.

पहिले उदाहरण ‘जुगाड’चे. उत्तर भारतातील खेड्यांत शेतपंपाचे डिझेल इंजिन सांगाड्यावर बसवून ही गाडी तयार होते. जिथे बस पोचत नाही तिथे ती माणसे आणि माल वाहते. १० मे २०१३ रोजी राजस्थान राज्य परिवहन महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जुगाड हे मोटार वाहनच आहे. नोंदणी, परवाना व विमा यांवाचून ते रस्त्यावर आणता येणार नाही. कायद्यातील व्याख्येतून सुटतात ती चारपेक्षा कमी चाकांची आणि २५ घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची वाहने. जुगाड त्यात बसत नाही.

या निर्णयावर गरिबांवरील अन्याय म्हणून टीका करणे सोपे आहे, पण ते पुरेसे प्रामाणिक होणार नाही. हा प्रश्न न्यायालयापुढे आला तो अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्यातून. जुगाडात बसणारा गरीबच असतो आणि विमा नसलेल्या गाडीखाली कर्ता पुरुष गेला तर त्याची विधवा भरपाई मागणार कोणाकडे? कारागिराच्या कल्पकतेचे कौतुक करताना या बाईला विसरणे समाजवाद्याला शोभणारे नाही. मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बंदीने वाहन जाते, गरज जात नाही.

धुराच्या बाबतीतही हेच. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या हार्ले डेव्हिडसन मोटारसायकली दिल्लीत प्रवासी रिक्षा झाल्या. या ‘फटफटी’ १९९८ च्या सुमारास प्रदूषणाच्या कारणाने रस्त्यावरून गेल्या. जुन्या इंजिनाचा धूर घातक होता, यात वाद नाही. पण मोटारींच्या धुराचे निकष दर किलोमीटरला किती ग्रॅम, असे मोजले जातात. त्या किलोमीटरमध्ये किती माणसे वाहिली गेली, हा हिशेब त्यात नसतो. एकटा मालक बसलेली नवी मोटार परीक्षेत उत्तीर्ण होते, आणि सात-आठ जणांना वाहणारी जुनी फटफटी नापास. धूर सर्वांच्या फुप्फुसात जातो. तो थांबवण्याची किंमत मात्र सर्वांकडून सारखी वसूल होत नाही.

नियमाला वाकता येत नाही असे मात्र नाही. ई-रिक्षाचे उदाहरण पाहा. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या व ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या बॅटरीच्या वाहनांना नियमात सूट होती. ई-रिक्षांच्या मोटारी या मर्यादेबाहेर गेल्या आणि ३१ जुलै २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावर बंदी घातली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम काढले : चार प्रवासी, ४० किलो सामान, ताशी २५ किलोमीटर. पुढे २०१५ मध्ये कायद्यातही दुरुस्ती झाली. विशेष म्हणजे लहान जोडणीकारांच्या नोंदणीकृत संघटनेलाही नमुना मंजूर करून घेण्याची वाट खुली झाली. म्हणजे तपासणीचा खर्च वाटून घेण्याची जी सोय कारखान्याला आपोआप मिळते, ती संघटनेच्या बळावर लहान माणसालाही मिळू शकते. हजारो चालक राजधानीत होते, म्हणून हे काही महिन्यांत घडले. जुगाडवाले खेड्यापाड्यांत विखुरलेले राहिले. त्यांच्यासाठी अशी वाट कोणी काढली नाही.

आता आपल्या माथेरानकडे वळू. तिथे मोटारींना बंदी आहे आणि म्हणून माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढीत आला. पर्यावरणरक्षणाचा भार अक्षरशः श्रमिकाच्या खांद्यावर पडला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून सहा महिन्यांत थांबवण्याचा आदेश दिला; ई-रिक्षा खऱ्या हातरिक्षाचालकांना द्याव्यात आणि निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. या निर्णयात १९८० च्या आझाद रिक्षा पुलर्स युनियनच्या खटल्याची आठवण आहे. पंजाबच्या कायद्याने सायकलरिक्षाचा परवाना फक्त मालक-चालकाला देऊ केला, पण भाड्याची रिक्षा ओढणाऱ्याजवळ मालक होण्यापुरते पैसे कुठले? न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा रद्द केला नाही. चालकांना बँकेचे कर्ज मिळेल अशी योजना त्याच्याशी जोडली.

इथे आपल्या मागणीचे सूत्र सापडते. सुरक्षितता आणि स्वच्छ हवा यांत सवलत मागू नये. ती पाळण्याचे साधन मागावे. लहान जोडणीकारांच्या सहकारी संस्थांना सामुदायिक मंजुरी, सरकारी तंत्रशाळांतून अल्प शुल्कात तपासणी, सामुदायिक विमा, आणि जुने वाहन बंद होण्याआधी नव्यासाठी कर्ज, या चार गोष्टी प्रत्येक नियमासोबत आल्या पाहिजेत. बंदीची तारीख आधी आणि पुनर्वसनाची समिती नंतर, हा क्रम उलटवणे हे संघटनेचे काम आहे. आपल्या तालुक्यात विनानोंदणी वाहनावर पोट भरणारे किती आहेत आणि त्या वाहनांचे मालक खरोखर कोण आहेत, याची यादी करण्यापासून कार्यकर्त्यांनी या कामाला आरंभ करावा.