आमीन म्हटल्यानंतर



'दुआ कबूल होते का?' या विषयावर मला बोलायला सांगितलंय. मी आलिम नाही. जळगावात घरून काम करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. म्हणून मसले सांगत बसणार नाही. माझी एक चूक सांगतो आणि तिच्यातून मला काय कळलं ते सांगतो.

माझं आजोळ धुळ्याचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी तिथेच अडकलो होतो. रमजान सुरू होता, मशिदी बंद होत्या आणि मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसं डोक्यावर बोचकी घेऊन उत्तरेकडे चालत होती. मे महिन्यातलं खानदेशचं ऊन तुम्हाला सांगायला नको. आम्ही चार मित्र रोजे ठेवून रस्त्याच्या कडेला पाणी आणि केळी वाटायचो. पुढे लॉकडाऊन उठलं, चालणारे आपापल्या गावी पोचले. काही माणसं मात्र फुटपाथवर होती तिथेच राहिली. त्यांना पोचायला घरच नव्हतं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात ब्लँकेट वाटायची आम्हाला सवय लागली. धुळ्याची थंडी कशी असते ते इथल्यांना ठाऊक आहे. पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो. अशाच जानेवारीतल्या एका रात्री बंद दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे बाबा बसलेले दिसले. मी ब्लँकेट पुढे केलं, तर अहिराणीत म्हणाले, "गोधडी शे मन्हाजोडे. झोपाले जागा शे का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी ब्लँकेट त्यांच्या मांडीवर ठेवलं, फोटो काढला आणि आम्ही गाडीत बसलो. हीटर लावला आणि सगळ्यांनी हात उचलले: या अल्लाह, या बाबांची काहीतरी सोय कर. आमीन म्हटलं आणि घरी जाऊन झोपलो. खरं सांगतो, त्या रात्री मला फार समाधान वाटलं होतं.

आठवड्याने गेलो तर पायरी रिकामी होती. शेजारचा चहावाला म्हणाला, "दोन दिवस खूप खोकत होते. मग कुठे गेले, माहीत नाही." ते आजवर कळलेलं नाही.

एक मित्र म्हणाला, "अल्लाहची मर्जी." मला ते पटेना. बाबांनी जागा मागितली होती आणि आम्ही एक फोनसुद्धा केला नव्हता. आमच्या हयगयीला अल्लाहची मर्जी म्हणायचा आम्हाला काय हक्क?

मग मी वाचायला लागलो. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले गेले. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास उघडा असा किमान एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावलं होतं. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना आली. नुसतं छप्पर नाही, तर रेशन, पेन्शन, दवाखाना यांच्याशीही त्या माणसाला जोडून द्यायचं, अशी ती कल्पना. आता हिशोब करा. त्याच जनगणनेनुसार जळगाव शहराची लोकसंख्या साडेचार लाखांवर, म्हणजे किमान चार निवारे. धुळ्याची पावणेचार लाख, म्हणजे किमान तीन. बाबा माझ्याकडे भीक मागत नव्हते. त्यांच्या हक्काची गोष्ट मला विचारत होते, आणि शिकलासवरलेला मी तिच्याबद्दल काहीच जाणत नव्हतो.

दुसरी गोष्ट तर मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मदिनेत मस्जिद-ए-नबवीला लागून सुफ्फा होता. छपराखालचा एक ओटा. ज्यांना घरदार नव्हतं ते सहाबा तिथे राहायचे. हजरत अबू हुरैरा त्यांच्यातलेच. म्हणजे आपल्या पैगंबरांच्या (स.) मशिदीत बेघरांना हक्काची जागा होती. आणि आपण इशानंतर कुलूप लावतो. चोरीची भीती असते, व्यवस्था लागते, हे मलाही कळतं. पण आमच्यापैकी कोणी कधी विश्वस्तांना विचारलंसुद्धा नव्हतं.

पुढच्या श्रावणात जळगाव स्टेशनबाहेर एक आजी भेटल्या. पावसात भिजलेल्या, अंगात ताप. या वेळी फोनमध्ये नंबर होते. १०८ ला फोन करून आधी त्यांना दवाखान्यात नेलं. मग ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, महापालिका, ओळखीचे कार्यकर्ते, असे एकामागून एक फोन सुरू झाले. अकराव्या फोनला एका वृद्धाश्रमात खाट मिळाली. तिथे पोचल्यावर आजींनी माझ्या मित्राच्या टोपीकडे पाहिलं आणि हात जोडले, "कानबाईनी धाडं तुमले."

मित्र गोंधळला, मग हसला. देणारा कोण, याबद्दल आमच्या ईमानात तसूभर शंका नाही. पण त्या क्षणी मला एक गोष्ट लख्ख दिसली. आजवर मी समजत होतो की दुआ मी करतो आणि उत्तर वरून येतं. इथे दुआ दुसऱ्याच कोणाची होती आणि उत्तराच्या कामाला आम्हाला जुंपलं होतं. मग त्या जानेवारीतही कदाचित बाबांच्या मागण्यावर आम्हालाच पाठवलं असेल. आम्ही ब्लँकेट देऊन परत फिरलो.

म्हणून मित्रांनो, दुआ सोडू नका. मीही सोडलेली नाही. फक्त आमीन म्हटल्यावर खाली आलेल्या हातांना काम द्या. आज घरी जाण्याआधी ११२, १०८ आणि १४५६७ हे नंबर फोनमध्ये घाला. आपल्या शहरात निवारे किती, कुठे आणि रात्री उघडे असतात का, हे महापालिकेत जाऊन विचारा. कमी असतील तर लेखी अर्ज द्या, गरज पडली तर माहितीचा अधिकार वापरा. आणि मोहल्ल्यातल्या मशिदीच्या विश्वस्तांसमोर अदबीने बसून एवढंच विचारा: थंडीचे दोन महिने एक खोली उघडी ठेवता येईल का? राखणीला आम्ही पाळीपाळीने झोपू.

मी विचारलंय. अजून होकार आलेला नाही. पुढच्या जुम्म्याला पुन्हा जाणार आहे. माझ्यासाठी दुआ करा, आणि जमलं तर सोबत या.

अल्लाह हाफिज.