फी माफ झाली, कापडाचें काय?
(पालकांच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



तालुक्याच्या गांवीं शाळेस जाणाऱ्या मुलांच्या गळ्यांत आतां टाय आला आहे. एका आजोबांनीं मला विचारलें, "मास्तर, ही गळपट्टी कशाला हो? एवढी थंडी तर इकडे पडत नाहीं." प्रश्न साधा आहे, पण उत्तर विलायतेस जाऊन पोंचतें. म्हणून आज तिकडच्या 'ग्रामर स्कूल' नांवाच्या शाळांची हकीकत सांगतों. त्या शाळांतून शिकून बाहेर पडलेल्या माणसांनीं उतारवयांत आपल्या आठवणी पुष्कळ लिहून ठेवल्या आहेत. मौज अशी कीं, त्यांत भूमिति आणि भूगोल फारसा सांपडत नाहीं. पुनःपुन्हां भेटतात ते गुरुजी आणि कपडे. आणि ज्यांचे आईबाप गिरणींत किंवा खाणींत राबत होते, त्यांच्या आठवणींत कपडे आधीं येतात.

ग्रामर म्हणजे व्याकरण. तेंही त्यांच्या स्वतःच्या इंग्रजी भाषेचें नव्हे, लॅटिनचें. आपल्याकडे संस्कृताची जी मातब्बरी, तीच तिकडे लॅटिनची! शेंकडों वर्षें या शाळांत तें घोकून घेत. गरिबांचीं पोरें तेथें फार थोडीं. पुढें १९०७ सालीं सरकारनें नियम केला कीं, ज्या माध्यमिक शाळेस सरकारी मदत हवी तिनें सामान्यतः शेंकडा २५ जागा प्राथमिक शाळेंतून आलेल्या मुलांना बिनफी द्याव्या. १९४४ च्या शिक्षणकायद्यानें तर सरकारी खर्चानें चालणाऱ्या माध्यमिक शाळांतील फी साफ उठली. मूल अकरा वर्षांचें झालें कीं एक परीक्षा होई. सुमारें पांचांत एक मूल निवडून ग्रामर शाळेंत जाई, बाकीचीं बहुतेक साध्या शाळेंत जात.

फी माफ झाली, पण कापड माफ झालें नाहीं. परीक्षा पास झाल्याचें पत्र आलें कीं पाठोपाठ यादी येई. डोक्यास टोपी, छातीवर शाळेचें चिन्ह शिवलेला कोट, ठरलेल्या पट्ट्यांचा टाय, करड्या रंगाची विजार, खेळाचे कपडे निराळे, खेळाचे बूट निराळे. मुलींना चुणीदार झगा, हॅट, उन्हाळ्याचा पोषाख आणखी वेगळा. शिवाय पुष्कळ ठिकाणीं हा माल शाळेनें नेमून दिलेल्या एकाच दुकानांतून घ्यावा लागे. गिऱ्हाईक दावणीला बांधलेलें, मग भाव करणार कोण? आपल्या शिंपीदादांनीं हें नीट ऐकून ठेवावें. गल्लीतल्या शिंप्यानें तसाच कोट निम्म्या दरांत शिवून दिला, तरी तो चालेल कीं नाहीं ही धाकधूक राही.

पोरगें हुशार, परीक्षेंत वर आलें, पण कपड्यांना पैसे नाहींत म्हणून आईनें जागा परत केली, अशा हकीकती एकदोन नाहींत. केनेथ लिंड्से नांवाच्या गृहस्थांनीं १९२६ सालीं या वायां जाणाऱ्या हुशारीवर एक पुस्तकच लिहिलें. तेव्हां फी नसलेल्या जागासुद्धां गरिबांकडून नाकारल्या जात होत्या. बूट, कोट आणि त्यांतच मुलाची बुडणारी मजुरी! ज्यांनीं हिंमत केली त्यांनीं दोन वर्षें पुरेल असा ढगळ कोट घेतला. पोर वाढून त्यांत भरेपर्यंत बाह्या बोटांवर लोंबत. त्यांत महायुद्ध आलें. १ जून १९४१ पासून १५ मार्च १९४९ पर्यंत विलायतेंत कपड्यांना रेशन होतें. पैसा असला तरी कुपनें पाहिजेत. मग आई आपल्या झग्याचीं कुपनें पोराच्या कोटावर घाली.

कोणी म्हणतात, एकसारखा पोषाख म्हणजे गरीब-श्रीमंत भेद मिटला. हें ऐकावयास गोड आहे. शाळेच्या फाटकाच्या आंत कांहीं अंशीं तें खरेंही आहे, आणि जुने विद्यार्थी तसें मनापासून सांगतात. परंतु नियम जितका कडक, तितका थोडासा फरकसुद्धां लांबून दिसतो. घरीं शिवलेल्या कोटाचा निळा रंग दुकानच्या निळ्याहून एक छटा वेगळा पडला कीं सगळ्या वर्गाला कळलें. पन्नास वर्षें उलटलीं तरी ती छटा डोळ्यांपुढून गेली नाहीं असें सांगणारीं माणसें आहेत.

या पोषाखाचा मूळ इतिहास तर अगदींच उलटा. लंडनची ख्राइस्ट्स हॉस्पिटल ही शाळा १५५२ सालीं निराधार मुलांकरितां निघाली. तेथें मुलांना लांब निळा अंगरखा आणि पिवळे मोजे देत. ती शाळा आतां लंडनबाहेर आहे, पण पोषाख अजून तसाच आहे. पुढें धर्मादाय शाळा पुष्कळ निघाल्या, त्यांनींही आपापल्या मुलांना एका रंगाचे कपडे दिले. दानावर वाढणारें पोर रस्त्यांत ओळखूं यावें, ही त्यांतली खूण. एकोणिसाव्या शतकांत बड्यांच्या शाळांनीं एकसारखा पोषाख उचलला आणि ग्रामर शाळांनीं बड्यांची नक्कल केली. भिक्षेची खूण होती ती मोठेपणाची झाली, आणि तिचा खर्च मात्र गिरणीवाल्याच्या घरावर आला. आजोबांच्या गळपट्टीची ही अशी वंशावळ आहे.

आतां फाटकाबाहेर काय होई तें पाहा. टोपी घातलेलें पोर आपल्या गल्लीत शिरलें कीं बाकीचीं पोरें टोपी उडवीत, चिडवीत. म्हणून कितीएक मुलें कोपऱ्यावर येतांच टोपी दप्तरांत कोंबीत. इकडे शाळेचा नियम असा कीं, रस्त्यांतही टोपी डोक्यावरच पाहिजे आणि शाळेच्या कपड्यांत रस्त्यांत खातां कामा नये. वरच्या वर्गांतले मॉनिटर नजर ठेवीत. मुलींना तर गुडघे टेकून बसवीत आणि झगा जमिनीस टेंकतो कीं नाहीं तें पाहत. पोर शाळेचेंही पुरतें नाहीं आणि गल्लीचेंही नाहीं, असें मधल्यामध्यें लोंबकळे.

रिचर्ड हॉगार्ट हे लीड्स शहरांतल्या मजूरवस्तींत वाढले. जन्म १९१८ चा, आईबाप लहानपणींच गेलेले, आजीनें वाढविलेलें पोर. त्यांनीं १९५७ सालीं एक पुस्तक लिहिलें. त्यांत शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाचें चित्र आहे. घरांत ऊब असलेली खोली एकच. तेथेंच इस्त्री, तेथेंच रेडिओ, तेथेंच गप्पा, आणि टेबलाच्या एका कोपऱ्यावर मुलगा अभ्यासाला बसलेला. शरीरानें घरांत, मनानें घराबाहेर. मायबाप हो, आपल्या घरांतही हें चित्र आहे. पोर वाचीत असतांना आपण त्याला दहा वेळां हांक मारतों. तें चिडतें, आणि आपण म्हणतों, शाळा शिकून शेफारला.

गुरुजींकडे वळतों. ते बहुतेक विद्यापीठाचे पदवीधर. अंगांत काळा झगा, त्याच्या बाह्या खडूनें पांढऱ्या. मुलांनीं ठेवलेलीं टोपणनांवें मास्तरांच्या हयातीनंतरही टिकलीं. कोणी डस्टर फेंकून मारी, कोणी छडी चालवी. इंग्लंडांतल्या सरकारी शाळांतून छडी कायद्यानें गेली ती १९८७ सालीं. पण जुने विद्यार्थी छडीचें तितकें मनावर घेत नाहींत, हें आम्हां मास्तरांनीं ध्यानीं धरण्याजोगें आहे. "तुझा कोट असा कां?" असें सर्वांदेखत विचारणारा मास्तर त्यांना जास्त आठवतो. त्याचा राग मरेपर्यंत जात नाहीं.

आणि आठवतात ते दुसरेही. वेल्समधल्या एका खाणकामगाराचा रिचर्ड जेंकिन्स हा तेरांतला बारावा मुलगा. जन्म १९२५ चा. दोन वर्षांचा होण्याआधींच आई गेली, थोरल्या बहिणीनें वाढविलें. माध्यमिक शाळेंत गेला, पण १९४१ सालीं घरच्या ओढाताणींत शाळा सुटली आणि पोर सहकारी भांडाराच्या कापडविभागांत नोकरीस लागलें. तें पुन्हां शाळेंत आलें, हीच केवढी नवलाची गोष्ट! तेथें फिलिप बर्टन नांवाचे शिक्षक होते. त्यांनीं त्याचा आवाज घडविला, उच्चार घडविले, त्याला आपल्या बिऱ्हाडीं ठेवलें, आणि १९४३ सालीं कायदेशीर पालक झाले. पोरानें त्यांचें आडनांव घेतलें. जगप्रसिद्ध नट रिचर्ड बर्टन तो हाच. एम्लिन विल्यम्स हा दुसरा वेल्श मुलगा. त्याची मायबोली इंग्रजी नव्हे. होलीवेल येथील शाळेंतल्या मिस कुक या बाईंनीं त्याला हाताशीं धरलें, आणि तो शिष्यवृत्ति मिळवून ऑक्सफर्डला गेला. १९३८ सालीं त्यानें आपल्या बाईंवरून एक नाटक रचलें. त्यांतला मुलगा खाणींत काम करणारा आहे.

असे गुरुजी सर्वांना थोडेच मिळतात? १९५४ सालच्या सरकारी अहवालांत असें दिसून आलें कीं, ग्रामर शाळेंत पोंचलेल्या अकुशल मजुरांच्या मुलांपैकीं पुष्कळ मुलें मागें पडत आणि लौकर शाळा सोडीत. जॅक्सन आणि मार्सडेन हे दोघे हडर्सफील्डचे मजुरांचेच मुलगे. त्यांनीं त्याच गांवच्या, मजुरांच्या घरांतून येऊन शेवटपर्यंत टिकलेल्या ८८ जणांना गांठून १९६२ सालीं पुस्तक काढलें. टिकलेल्यांतले पुष्कळजण पुढें मास्तर झाले. आईबापांशीं बोलणें मात्र कमी कमी होत गेलेलें.

१९६५ सालीं तिकडच्या सरकारनें सर्व मुलांना एकाच शाळेंत घेण्याची दिशा धरली. त्यानंतर बहुतेक ग्रामर शाळा मोडल्या किंवा बदलल्या. इंग्लंडांत आतां १६३ उरल्या आहेत. पोषाख मात्र बहुतेक शाळांत राहिला. शेवटीं २०२१ सालीं त्याच्या खर्चाबद्दल कायदा करावा लागला. चिन्हाचे कपडे कमींत कमी ठेवा, चढाओढीशिवाय एकाच दुकानाशीं करार करूं नका, वापरलेले कपडे मिळण्याची सोय करा, अशा सूचना त्याखालीं निघाल्या.

आपल्याकडे आठवीपर्यंत सरकारी शाळेंत गणवेश सरकार देतें. पुढें हायस्कूलची यादी आपल्याच हातीं येते. म्हणून शाळेंतल्या कपाटाचा एक खण मोकळा केला आहे. ज्यांच्या मुलांना हायस्कूलचे कपडे आंखूड झाले असतील त्यांनीं ते धुवून, बटणें लावून आणून द्यावे. देणाऱ्याचें नांव लिहिलें जाणार नाहीं, नेणाऱ्याचेंही नाहीं. शिंपीदादांनीं महिन्यांतून एक संध्याकाळ उसवलेलें शिवण्यास यावें. त्यांची मजुरी वर्गणींतून रोख दिली जाईल.