कच्चा हात आणि अर्धी पाटी



मी बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि चौतीस वर्षांनी निवृत्त झालो. त्यामुळे वाईट कामाला नावं ठेवणं हा जवळजवळ माझा पेशाच होता. मराठीत त्यासाठी शब्दांची टंचाई नाही. गबाळं, ओबडधोबड, थातुरमातुर, कामचलाऊ, भोंगळ, घिसाडघाईचं, वेठीचं. शिवाय 'पाट्या टाकणं' आहेच. आज या शब्दांबद्दलच बोलतो, कारण ते चुकीच्या माणसाला चिकटलेले मी फार पाहिले.

यांचे दोन गट आहेत. पहिला, अजून येत नाही त्याचा: शिकाऊ, नवशिका, कच्चा हात. दुसरा, येत असून करत नाही त्याचा. नवशिक्या गवंड्याची भिंत ओळंब्यात नसते. थातुरमातुर काम करणाऱ्याने ओळंबा पिशवीतून बाहेरच काढलेला नसतो. दोन्ही भिंती वाकड्याच दिसतात. पण पहिला सहा महिन्यांत सुधारतो.

आता 'पाट्या टाकणं' पाहा. मातीकामाची मजुरी खेपांवर मिळत असेल, तर पाटी अर्धी भरायची आणि खेपा वाढवायच्या. यात लबाडी आहे, मान्य. पण पाट्याच मोजायच्या हे ठरवलं कोणी? रोजगार हमीच्या कामावर आम्ही खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजायचो. तिथे अर्धी पाटी टाकून कोणाचाच फायदा नव्हता.

'वेठ' त्याहून कडू शब्द. वेठ म्हणजे सक्तीची, बिनमजुरीची मेहनत. दामच नसेल तर मन लावून कोण राबेल? राज्यघटनेच्या २३व्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली. तरी 'वेठ मारली' म्हणताना आपण दोष देतो तो राबणाऱ्याला. 

'घिसाडघाई' हा शब्द घिसाडी समाजाच्या नावावरून आला असं मानतात. गावोगाव पाल ठोकून विळे, कोयते, कुऱ्हाडी घडवणारे हे लोक. लोखंड लाल आहे तोवरच घाव घालायचा असतो. थंड झाल्यावर कितीही सावकाश ठोका, उपयोग नाही. त्यांच्या धंद्यात घाई हेच कसब होतं. आपण लांबून पाहिलं आणि शिवी बनवली.

आणि शेवटी आमचा सरकारी शब्द: 'अकुशल'. १९७७ च्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्यातही काम अकुशल आणि २००५ च्या केंद्राच्या कायद्यातही अकुशलच. डोंगरउतारावर समतल चर खोदणाऱ्या बाया मी वर्षानुवर्षं पाहिल्या. कुदळीच्या आवाजावरून त्या सांगायच्या, "साहेब, खाली मुरूम लागला." माती उताराकडच्या अंगाला कशी रचायची, हे नव्या अभियंत्याला त्यांनीच दाखवायचं. मस्टरवर त्या अकुशल, तो कुशल.

गंमत पाहा. कुश म्हणजे दर्भ. त्याची पाती धारदार. हात न कापता तो खुडून आणणारा तो 'कुशल', अशी व्युत्पत्ती संस्कृत पंडित सांगत आले. म्हणजे हा शब्द गवत तोडणाऱ्याच्या हातातला. आणि आज गवत तोडणारी बाई अकुशल!

आपल्या गुरुजनांनी वह्यांवर लाल शाईने 'अक्षर सुधार', 'पुन्हा लिही' असं लिहिलं. शेरा वहीला होता, पोराला नव्हता, आणि त्यात पुन्हा करण्याची मुभा होती.

आपल्या बॅचतर्फे शाळेच्या दोन वर्गखोल्यांची दुरुस्ती होणार आहे. काम पाहायला जाल तेव्हा एवढं करा. शिकाऊ पोराने वाकडी भिंत बांधली, तर ती पाडायला सांगा, पण पुन्हा त्यालाच बांधू द्या. कोणी पाट्या टाकताना दिसला, तर मजुरी वेळेवर मिळते का, हे आधी विचारा. आणि आपल्यापैकी कोणी घरी बसून फोनवरूनच देखरेख केली, तर त्यासाठीही मराठीने सोय करून ठेवली आहे: उंटावरून शेळ्या हाकणं!