वाफेच्या नौकेची परीक्षा
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



जत्रेत मिळणारी पत्र्याची ‘फटफट’ नौका आपणांपैकी अनेकांनी लहानपणी परातीतल्या पाण्यात फिरवली असेल. तिच्या नळ्यांची तोंडे पाण्यात उघडी असतात, म्हणून वाफ आत कोंडत नाही. परंतु हौशी कारागीर जेव्हा आगबोटीची प्रतिकृती करतो आणि तिच्यासाठी तांब्याचा बंद बॉयलर घडवतो, तेव्हा ते केवळ खेळणे उरत नाही.

३ बार दाबाखाली बॉयलरमधील पाणी सुमारे १४४ अंश सेल्सिअसपर्यंत तापते. जोड फाटला तर दाब एकाएकी उतरतो व त्यातील काही पाण्याची तत्क्षणी वाफ होते. आणि पाण्याची वाफ झाली की ती बाहेरच्या हवेत सुमारे सोळाशेपट जागा व्यापते. म्हणून बॉयलरची पहिली परीक्षा थंड पाण्याने घ्यावयाची असते. आतली हवा पूर्ण काढून तो काठोकाठ भरावा, सर्व तोंडे बंद करावीत आणि हातपंपाने दाब चढवावा. पाणी दाबाने फारसे आकुंचन पावत नाही. त्यामुळे जोड सुटलाच, तर पाणी गळते, दाबमापकाचा काटा खाली येतो आणि एवढ्यावरच भागते.

ब्रिटनमधील हौशी मंडळांनी या बाबतीत घालून दिलेली शिस्त अनुकरणीय आहे. नव्या तांब्याच्या बॉयलरवर कामाच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे ३ बारसाठी ६ बार, दाब देतात. पुढील फेरतपासणीत दीडपट. त्यानंतर वाफेची परीक्षा. पूर्ण आच देऊन वाफेची वाट बंद केली, तरी सुरक्षा-झडपेने दाब दहा टक्क्यांहून अधिक, म्हणजे ३.३ बारपलीकडे, चढू देता कामा नये. मग दाखला मिळतो, तोही ठराविक मुदतीचा. स्वतःचा बॉयलर स्वतःच तपासून दाखला घेता येत नाही.

आपल्या देशात १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसे दगावली, आणि १८६४ मध्ये बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. पुढे १९२३ चा अखिल भारतीय कायदा आला. आता त्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. परंतु २५ लिटरांहून लहान भांडे कायद्याच्या व्याख्येत बसतच नाही. आमच्या नौकेचा बॉयलर जेमतेम अर्ध्या लिटरचा! त्याच्यासाठी सरकारी निरीक्षक येणार नाही. तो आपणांतूनच उभा राहावा लागतो.

याचा प्रत्यय आम्हांस आला. मुलांदेखत तळ्यात नौका सोडावयाचा दिवस ठरला होता. आदल्या संध्याकाळी परीक्षा घेतली. ५ बारवर काटा थरथरला आणि तळाच्या जोडापाशी एक थेंब दिसला. चांदीचा डाख तेथे भिनलाच नव्हता. “कामाचा दाब तर तीनच आहे, उद्यापुरते चालवू,” असे आमच्यापैकी एकाने सुचवले. क्षणभर आम्हां सर्वांनाच ते पटले, हे येथे कबूल केले पाहिजे. मात्र तपासणाऱ्या वडीलधाऱ्या सदस्यांनी सही करण्यास नकार दिला.

दुसऱ्या दिवशी मुले हिरमुसून परतली. जोड पुन्हा करून, बॉयलर ६ बारला उतरल्यावरच नौका पाण्यात गेली. त्या दिवसाची आठवण म्हणून आमच्यापाशी मुलांचे उतरलेले चेहरे आहेत. याहून वाईट काही नाही, याचे श्रेय त्या न झालेल्या सहीला आहे.