तटतटलेली कास

(घोडेगाव येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



म्हशींच्या बाजारासाठी नावाजलेल्या घोडेगावात येऊन म्हशीचं नाव न घेता बोलायला उभं राहणं बरं नव्हे. बाजारात गिऱ्हाईक आधी कास पाहतं, हे मी तुम्हाला काय सांगावं! आणि ते कास पाहतं म्हणून काही जण आदल्या दिवसापासून धारच काढत नाहीत. कास तटतटते, भाव चढतो. ठणका लागतो तो म्हशीला. देणगी मागणाऱ्या आम्हा संस्थावाल्यांचंही पुष्कळदा असंच असतं. दुसऱ्याचं दुःख तुंबवायचं आणि गिऱ्हाइकापुढे उभं करायचं.

मी हे केलेलं आहे. एका संस्थेसाठी पत्रक लिहिलं होतं. ऊसतोड कामगाराची मुलगी, कोपीतलं बिऱ्हाड, बाप दारू पिणारा. खोटं एक अक्षर नव्हतं. फोटोही छापला. पैसे भराभर आले. महिन्याभरात ते पत्रक फिरत फिरत तिच्याच गावातल्या पोरांच्या मोबाइलवर पोचलं. मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही.

एकाच माणसाची गोष्ट सांगितली की हात सैल सुटतो, हे खरंच आहे. २००७ साली अमेरिकेत पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांच्या हातात पाच-पाच डॉलर दिले. आफ्रिकेतल्या उपासमारीचे नुसते आकडे वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. रोकिया नावाच्या एका मुलीबद्दल वाचणाऱ्यांनी २.३८. रोकिया आणि आकडे एकत्र दिले तर १.४३! म्हणजे आकड्यांनी दया वाढली नाही, आटली. म्हणून आम्ही चेहऱ्यामागे लागतो. पण कोणता चेहरा, आणि तो कोणी दाखवायचा?

यात पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. विधवांसाठी शाळा काढायची होती, पैसा नव्हता. १८८७ साली त्यांनी तिथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यात करुणा आहेच. पण कुण्या एका विधवेला व्यासपीठावर उभं करून रडवलेलं नाही. रूढी, शास्त्रवचनं, जनगणनेतले विधवांचे आकडे, कोर्टात गाजत असलेला रखमाबाईंचा खटला, हे सगळं मांडलं आणि शेवटी कशासाठी काय हवं ते मागितलं. बोस्टनमध्ये मदतीसाठी मंडळ स्थापन झालं, दहा वर्षांचा भार उचलायचं ठरलं आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं.

घरची लक्तरं परक्यांच्या वेशीवर टांगली, हा आक्षेप त्यांच्यावर आला.  मला तो आक्षेप सगळाच्या सगळा पटत नाही. झाकलेलं दुखणं बरं होत नसतं. पण एक गोष्ट विसरता येत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्या बायका ते इंग्रजी वाचणार नव्हत्या. मध्ये समुद्र होता. आज देणगीदार आणि मुलीचा चुलतभाऊ एकाच ग्रुपमध्ये असतात.

त्याच सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. १८९३ साली त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. लग्नानंतर बाया कर्वे झालेल्या गोदूबाई पुढे कर्व्यांच्या आश्रमासाठी स्वतः वर्गणी मागत हिंडल्या, आणि आपली कहाणीही त्यांनी आपल्याच तोंडाने, मराठीत सांगितली. त्या आत्मचरित्राचं ‘माझे पुराण’ हे नाव पाहा. पुराण माझं, सांगणारीही मीच. कुणी कीव करावी म्हणून सांगितल्याचा त्यात मागमूस नाही.

कायदाही आता जागा झाला आहे. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. मानसिक आजार आणि एचआयव्हीबद्दलची माहिती गुप्त ठेवायला सांगणारे २०१७ चे दोन कायदे आहेत. आपल्या जिल्ह्यात अशाच माणसांसाठी स्नेहालय आणि माउली सेवा प्रतिष्ठान यांसारखी कामं उभी आहेत, तेव्हा हे आपल्याला नवं नसावं. पण अंगठा घेतला की संमती झाली, असं समजू नका. ज्याच्या घरात आपला तांदूळ शिजतो, तो आपल्याला ‘नाही’ कसं म्हणेल?

मग मी दुसरं पत्रक लिहिलं. नाव बदललं, बदललंय हेही छापलं. फोटो नाही. बापाची दारू काढून मुकादमाची उचल घातली: हंगामाआधी घेतलेली रक्कम फिटत नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा कोयता, आणि लेकराची शाळा मध्येच सुटते. छापायच्या आधी कोपीत जाऊन तिच्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. बाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. ‘बिचारी’ या शब्दाला म्हणाल्या, “हे खोडा.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “दादा, आम्ही दोघं दिवसाला दोन टन ऊस तोडतो. ते कुठंय ह्यात?”

घातलं. त्या पत्रकाला पहिल्याच्या निम्मेसुद्धा पैसे आले नाहीत. कार्यकारिणीत बरीच खडाजंगी झाली. पुढच्या वर्षी हेच पत्रक काढायचं ठरलं, तेही एका मताच्या फरकाने.