वळणांची नावं

इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचं छोटं बेट आहे. तिथं मोटारसायकलच्या शर्यती रोजच्या रस्त्यावर होतात. एक फेरी सुमारे ६० किलोमीटरची. कडेला घरं, दगडी भिंती, दिव्याचे खांब. हौशी स्वारांची वेगळी शर्यत तिथं १९२३ साली सुरू झाली.

एवढी वळणं लक्षात ठेवायची, तर त्यांना नावं हवीतच. काही नावं माणसांची आहेत. जिमी गथ्री १९३७ साली जर्मनीतल्या शर्यतीत गेला. बेटावरच्या शेवटच्या शर्यतीत त्याची गाडी जिथं थांबली, तिथंच त्याचं स्मारक उभं आहे. जोई डनलॉपनं इथं २६ शर्यती जिंकल्या. तो २००० साली एस्टोनियात शर्यतीतच गेला. आता सव्विसाव्या मैलाचं वळण त्याच्या नावाचं आहे.

१९११ पासून या रस्त्यावर अडीचशेहून जास्त स्वार गेले. बहुतेकांच्या नावाचं वळण नाही. त्यांची आठवण घरच्यांनी आणि सोबत्यांनीच जपायची. जुना स्वार नवख्याला म्हणतो, ‘इथं वेग कमी कर.’ कुणामुळे, तेही सांगतो. आपण दारात उभं राहून ‘सावकाश जा’ म्हणतो ना, तसंच हे.